जळून गेलेल्या लाकडाचा इतिहास कसा लिहायचा?

"साधनं कुठे आहेत ते आधी बघ, मग विषय ठरव." पीएचडीच्या वाटेला लागलेल्या प्रत्येकाला हे वाक्य कोणीतरी ऐकवतंच. सल्ला बरोबरच आहे. इतिहासाच्या संशोधनात साधनं म्हणजे मागे जे काही उरलं ते: कागद, वस्तू, इमारती, आठवणी. पण एखादी वस्तू मुळात जाळण्यासाठीच बांधली असेल, ठरल्याप्रमाणे जाळली असेल आणि वर तिची राख, खिळे, ढलप्यासुद्धा वेचून नेल्या असतील, तर? मग साधनं नाहीत म्हणून तो विषय सोडून द्यायचा का?

माझं काम तात्पुरत्या बांधकामांच्या इतिहासावर आहे. मूळची मी रसायनशास्त्राची, त्यामुळे इतिहासाची पद्धत चुका करत करत शिकले. त्यातली एक चूक आज तुमच्यासमोर मांडते. उदाहरण अमेरिकेतल्या 'बर्निंग मॅन' या वाळवंटातल्या उत्सवाचं आहे. त्यातही तिथे दरवर्षी बांधल्या आणि जाळल्या जाणाऱ्या 'टेम्पल' नावाच्या लाकडी मांडणशिल्पाचं.

आधी थोडी पार्श्वभूमी

१९८६ च्या जूनमध्ये लॅरी हार्वी आणि जेरी जेम्स या दोघांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या बेकर बीचवर साधारण ८ फूट उंचीचा लाकडी माणूस उभा केला आणि जाळला. बघायला २० च्या आसपास माणसं होती. मग दरवर्षी हेच होत गेलं आणि तीन-चार वर्षांत पुतळा ४० फुटांवर गेला. १९९० मध्ये पोलिसांनी किनाऱ्यावर तो जाळू दिला नाही. तेव्हा कॅकोफनी सोसायटी नावाच्या तिथल्याच एका गटाच्या मदतीने तो शेजारच्या नेवाडा राज्यातल्या ब्लॅक रॉक वाळवंटात नेला आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला, लेबर डेच्या सुट्टीत, तिथे जाळला. त्या वेळी जमलेली माणसं १०० च्या आतच होती.

पुढे गर्दी वाढत गेली. १९९६ मध्ये सुमारे ८,००० माणसं आली, २००० मध्ये सुमारे २५,०००, आणि अलीकडे हा आकडा ७०,००० च्या पुढे जातो. ऑगस्टच्या अखेरीस आठवडाभरासाठी तिथे एक अख्खं शहर वसतं आणि नंतर पुसलं जातं. १९९६ पासून दरवर्षी एक थीमही ठरवली जाते. त्या वर्षीची पहिली थीम होती 'द इन्फर्नो', म्हणजे दान्तेचा नरक.

इथूनच माझी चूक सुरू झाली.

माझी फसलेली मांडणी

माझं पहिलं गृहीतक अगदी सरळ होतं. आयोजक थीम ठरवतात, कलाकार त्यानुसार आराखडा करतात, म्हणून थीमचा अभ्यास केला की मांडणशिल्पाचा इतिहास कळेल. मी एक तक्ता केला. एका स्तंभात वर्ष, दुसऱ्यात थीम, तिसऱ्यात काय बांधलं ते.

मधल्या मोठ्या पुतळ्यापुरतं हे बरंचसं जुळलं. २००२ ची थीम 'द फ्लोटिंग वर्ल्ड', म्हणजे समुद्र. त्या वर्षी पुतळा दीपगृहावर उभा होता. २०१३ ची थीम 'कार्गो कल्ट'. तेव्हा तो उडत्या तबकडीवर होता. मला वाटलं, झालं आपलं काम.

मग टेम्पलचा स्तंभ भरायला घेतला. २००० ची थीम 'द बॉडी' आणि बांधलं 'टेम्पल ऑफ द माइंड'. इथे शरीर आणि मन अशी जोडी लावता येते. २००१ ची थीम 'सेव्हन एजेस', म्हणजे माणसाच्या आयुष्यातल्या सात अवस्था, आणि बांधलं 'टेम्पल ऑफ टिअर्स'. शेवटची अवस्था मृत्यूकडे जाते, तेव्हा हेही जुळतं. २००२ ला मात्र समुद्राच्या थीममध्ये 'टेम्पल ऑफ जॉय'. २००३ ची थीम 'बियॉन्ड बिलीफ' आणि बांधलं 'टेम्पल ऑफ ऑनर'. २००४ ची थीम 'व्हॉल्ट ऑफ हेवन' आणि बांधलं 'टेम्पल ऑफ स्टार्स'. म्हणजे नावं कधी जुळतात, कधी ओढूनताणून जुळवावी लागतात. पण लोकांनी तिथे जे केलं ते पाचही वर्षं एकच होतं. ते गेलेल्या माणसांची नावं भिंतींवर लिहीत होते, फोटो लावत होते, पत्रं ठेवत होते. आणि शेवटच्या रात्री सगळं जळताना बहुतांश शांत बसत होते.

थीम दरवर्षी बदलत होती, वापर बदलत नव्हता. माझा तक्ता ज्या गोष्टीवर उभा होता, तीच गोष्ट इथे दुय्यम निघाली. तक्त्यात 'लोकांनी त्याचं काय केलं' असा स्तंभच नव्हता. आपण जो स्तंभ आखत नाही त्यातली माहिती आपल्याला कधीच सापडत नाही, हे मला तेव्हा नीट कळलं.

२००० साली काय झालं

डेव्हिड बेस्ट हे कॅलिफोर्नियातले शिल्पकार. मोटारींवर कलाकुसर करून त्यांचं शिल्प बनवण्यासाठी ते ओळखले जात. २००० मध्ये जॅक हेय यांच्यासोबत ते वाळवंटात एक लाकडी रचना उभारणार होते. उत्सवाच्या थोडं आधी त्यांच्या वर्तुळातला एक तरुण मोटरसायकल अपघातात गेला. तरीही मंडळी वाळवंटात आली आणि ठरलेली रचना बांधली. बांधताना ती त्या तरुणाची आठवण होत गेली. मग येणारे-जाणारेही आपापल्या गेलेल्या माणसांची नावं तिच्यावर लिहू लागले. शेवटी ती जाळली. पुढच्या वर्षी आयोजकांनी बेस्ट यांना मोठं टेम्पल बांधायला बोलावलं आणि प्रथा पडली.

आता यात साहित्य काय होतं ते बघा. लहान मुलांसाठी लाकडाच्या पातळ फळ्यांतून डायनोसॉरचे सुटे भाग कापून जोडायची खेळणी बनतात. भाग निघाल्यावर जी भोकंभोकं पडलेली फळी उरते, ते कारखान्याचं भंगार. बेस्ट यांनी ते वापरलं. फळ्या एकमेकींवर रचल्या की नाजूक जाळीकाम केल्यासारखं दिसतं. ज्या कोरीवपणामुळे बघणाऱ्याला हे 'प्रार्थनास्थळ' वाटलं, तो निदान काही अंशी खेळण्याच्या भंगारातून आला होता.

टेम्पलच्या सुरुवातीची गोष्ट आपल्याकडे मुख्यतः बेस्ट यांच्याच सांगण्यातून येते. माणूस एखादी गोष्ट वीस वर्षं सांगत राहिला की ती गुळगुळीत होत जाते, मग सांगणारा कितीही प्रामाणिक असो. म्हणून अशा कथनातल्या प्रत्येक विधानाला विचारायचं की हे दुसऱ्या कुठल्या मार्गाने पडताळता येईल का? साहित्याबद्दलचं विधान पडताळता येतं, कारण जुन्या छायाचित्रांत फळ्यांमधली कापलेली भोकं दिसतात. 'लोक आपोआप लिहू लागले' हे पडताळणं अवघड आहे. दोन्ही विधानं एकाच माणसाने सांगितली असली तरी त्यांचं वजन सारखं धरू नका.

आणखी एक सावधगिरी. हे वाचताना तुम्हाला गणपती विसर्जन आठवलं असेल. मलाही आठवलं होतं, आणि पहिल्या मसुद्यात मी त्यावर दोन पानं लिहिली होती. पण गणपतीत प्राणप्रतिष्ठा आहे, उत्तरपूजा आहे, पुढल्या वर्षी परत येण्याचं आमंत्रण आहे. टेम्पलमध्ये देव नाही, पुजारी नाही, ठरलेला विधी नाही. म्हणूनच मी त्याला 'देऊळ' म्हणत नाही. साम्य दिसलं की त्यातून चांगला प्रश्न मिळू शकतो, पण ते साम्य हा पुरावा नसतो. ती दोन पानं मी काढून टाकली.

जमिनीचं म्हणणं

थीमने उत्तर मिळेना, तेव्हा मी आराखड्यांकडे वेगळ्या बाजूने बघायला लागले. असंच का बांधलं? दुसरं काही बांधता आलं असतं का?

ब्लॅक रॉकची ही जागा म्हणजे हिमयुगातल्या लाहोन्टन नावाच्या प्रचंड सरोवराचा सुकलेला तळ. तिथे त्याला 'प्लाया' म्हणतात. मैलोन् मैल सपाट, झाड नाही, सावली नाही, पाणी नाही. धूळ अल्कधर्मी आणि पिठासारखी बारीक. ती बेअरिंगमध्ये जाते, वायरिंगमध्ये जाते, त्वचेला भेगा पाडते. वारा अडवायला काहीच नसल्याने कधीकधी तो ताशी १०० किलोमीटरच्या आसपास पोचतो. पाऊस पडला तर या धुळीचा इतका चिकट चिखल होतो की चाकं फिरत नाहीत. २०२३ मध्ये हेच झालं. हजारो लोक अडकले आणि शनिवारी जाळायचा पुतळा सोमवारी जाळावा लागला.

अशा जागी आराखडा करताना पहिला प्रश्न सौंदर्याचा नसतोच. लाकूड, पाणी, क्रेन, माणसं, जेवण सगळं ट्रकने आणायचं. म्हणून रचना सुट्या भागांत हवी: आधी शहरातल्या कार्यशाळेत भाग बनवायचे, मग वाळवंटात थोड्या दिवसांत जोडायचे. वाऱ्याने उडू नये म्हणून जमिनीत खोल खुंट्या आणि सळया ठोकून ताण द्यायचे. आणि जळताना रचना आतल्या आत कोसळावी, बघणाऱ्यांच्या अंगावर नव्हे, हेही कागदावर असतानाच ठरवायचं.

हे लक्षात घेऊन पुढची टेम्पल बघितली तर आराखड्यांत एक धागा दिसतो. २०१३ चं ग्रेग फ्लाइशमन यांचं टेम्पल खिळे न वापरता, लाकडाचे भाग एकमेकांत अडकवून उभं केलं होतं. त्यामुळे जळल्यावर राखेतून खिळे वेचायचं काम टळतं. २०१७ चं टेम्पल कॅलिफोर्नियात दुष्काळ आणि खोडकिड्यांमुळे मेलेल्या झाडांच्या लाकडाचं होतं. २०१८ चं आर्थर मामू-मानी यांचं 'गॅलॅक्सिया' म्हणजे २० लाकडी ट्रस, आपल्याकडचे सुतार ज्याला कैची म्हणतात तशा, वळत वळत वर एकत्र येणाऱ्या. दिसायला तिन्ही वेगवेगळी आहेत. पण प्रत्येक वेळी सोडवायचं गणित तेच होतं: आणायचं कसं, उभं ठेवायचं कसं, आणि जाळून नाहीसं करायचं कसं.

सफाईतून तयार झालेलं दप्तर

इथे माझ्या मूळच्या विषयाचा उपयोग झाला. सुरुवातीच्या वर्षांत लोक थेट प्लायावर आग पेटवत. चिकणमाती साधारण ५०० अंश सेल्सिअसच्या पुढे तापली की तिच्या खनिजांच्या रचनेतलं पाणी निघून जातं. मग ती कितीही भिजवा, पुन्हा माती होत नाही. वीट भाजताना हेच होतं. म्हणजे प्रत्येक मोठ्या आगीमागे जमिनीत भाजलेल्या मातीचा एक डाग राहायचा. आता मोठ्या आगींच्या खाली आधी भुगा झालेल्या ग्रॅनाइटचा, आपल्या मुरमासारखा, थर घालतात आणि नंतर तो उचलून नेतात.

का? कारण ही जमीन सरकारी आहे आणि ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट हे खातं तिथे उत्सवाला परवानगी देतं. उत्सवानंतर खातं तपासणी करतं. निकष साधारण असा: एका एकरात एक चौरस फुटापेक्षा जास्त कचरा राहता कामा नये. एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट, यावरून हिशेब करा. सफाई पथकं रांगेने चालत जमीन वेचतात आणि कुठे किती कचरा सापडला याचा हिरवा-पिवळा-लाल नकाशा बनवतात.

१९९६ मध्ये उत्सवाच्या सुमारास एकाचा मोटरसायकल अपघातात मृत्यू झाला आणि तंबूंवर गाडी गेल्याने काही जण जखमी झाले. त्यानंतर गाड्या फिरवण्यावर निर्बंध आले आणि रॉड गॅरेट यांच्या आखणीप्रमाणे शहराला अर्धवर्तुळाकार रस्ते मिळाले. मध्यातून बाहेर जाणाऱ्या आडव्या रस्त्यांची नावं घड्याळातल्या वेळांवरून. मोकळ्या मैदानातल्या प्रत्येक कलाकृतीलाही पत्ता मिळाला: घड्याळाची दिशा आणि मध्यापासूनचं फुटांतलं अंतर.

आता हे सगळं एकत्र ठेवून बघा. परवानग्या, पर्यावरण अहवाल, नकाशे, पत्ते, कचऱ्याच्या नोंदी. ज्या व्यवस्थेचा उद्देश वस्तूचा मागमूस न ठेवणं हा होता, तिनेच नकळत या वस्तूंचं दप्तर तयार केलं. जमिनीवर काहीच उरलं नाही आणि कागदावर भरपूर उरलं. रेनोच्या नेवाडा म्युझियम ऑफ आर्टने २०१७ मध्ये 'सिटी ऑफ डस्ट' नावाचं प्रदर्शन भरवलं, ते या उत्सवाच्या इतिहासावरच होतं.

मात्र या दप्तरालाही बाजू असते. त्यात जमीन 'रिकामी' दिसते, उत्सव येतो आणि जातो. प्रत्यक्षात हा प्रदेश पायूट लोकांचा आहे, आणि एकोणिसाव्या शतकात पश्चिमेकडे निघालेल्या गोऱ्या स्थलांतरितांचा मार्गही इथूनच जात होता. पहिलं टेम्पल जळालं त्याच वर्षी, डिसेंबर २००० मध्ये, या मार्गांच्या संरक्षणाचा कायदा झाला. 'मागे काही उरता कामा नये' हा नियम कोणत्या क्षणापासून मोजायचा, हा प्रश्न कचऱ्याच्या नकाशात येत नाही. तो आपल्याला विचारावा लागतो.

वाचावं की नाही?

शेवटचा मुद्दा माझ्यासाठी सगळ्यात अवघड होता. टेम्पलच्या भिंतींची असंख्य छायाचित्रं उपलब्ध आहेत. त्यात लोकांनी लिहिलेलं स्पष्ट वाचता येतं. आईला लिहिलेलं, बाळाला लिहिलेलं, स्वतःला संपवलेल्या मित्राला लिहिलेलं. माझ्यातल्या विज्ञानाच्या विद्यार्थिनीने लगेच ठरवलं, हा डेटा आहे. नोंदी गोळा करू, वर्गवारी करू, दुःखाचे प्रकार मोजू.

गाईडनी मसुदा वाचला आणि समासात एकच ओळ लिहिली: "हे जळणार आहे असं समजून लिहिलंय ना गं त्यांनी?"

मी दोन दिवस त्या ओळीवर अडकले होते. छायाचित्र उघड्यावर आहे, कायद्याची अडचण बहुधा नाही. पण लिहिणाऱ्याने कागदाऐवजी ते लाकूड निवडलं, ते आठवड्याने राख होणार म्हणूनच. जाळणं हा त्या लिहिण्याचा भाग होता. मी ते कोष्टकात भरलं तर त्याने ठेवलेली अट मी मोडते. तो मला ओळखत नाही, मी त्याला विचारू शकत नाही.

मी तो भाग वगळला. त्याऐवजी प्रश्न बदलला: लोकांनी काय लिहिलं हे न वाचता, लोक लिहिणार आहेत हे कळल्यावर बांधणाऱ्यांनी काय बदललं? मग कोनाडे दिसू लागले, वस्तू ठेवायच्या फळ्या दिसू लागल्या, हात पोचेल इतक्या उंचीवरच्या मोकळ्या जागा दिसू लागल्या. याची साधनं सार्वजनिक आहेत आणि कोणाच्या खाजगी दुःखात डोकवावं लागत नाही. खरं सांगायचं तर हा प्रश्न आधीच्यापेक्षा चांगला निघाला.

त्यातून पुढचीही वाट मिळाली. मार्च २०१५ मध्ये बेस्ट यांनी उत्तर आयर्लंडमधल्या डेरी-लंडनडेरी शहरात असंच टेम्पल बांधलं आणि जाळलं. त्या शहरात होळ्या पेटवणं हे दोन समाजांमधल्या वैराचं चिन्ह होतं. २०१८ मध्ये त्यांनी वॉशिंग्टनच्या रेनविक गॅलरीत एक दालन बांधलं. तिथे लिहायला लाकडाचे तुकडे होते, पण संग्रहालयाच्या आत आग लावणं शक्यच नव्हतं. घडण तीच असली तरी एका ठिकाणी आगीचा अर्थ पालटला आणि दुसऱ्या ठिकाणी आगच वगळली. थीमने हे समजत नाही. जागा, नियम आणि वापर बघितला की समजतं.

तुम्ही सध्या प्रपोजल लिहीत असाल तर तुमच्या विषयाला तीन प्रश्न विचारून बघा. ही गोष्ट इथे दुसऱ्या कुठल्या प्रकारे करता आली असती का? तिच्यावर नियम घालणाऱ्यांकडे कोणते कागद जमा झाले? आणि जे साधन हाताशी आहे, ते तुम्ही वाचावं असं लिहिणाऱ्याला वाटलं असतं का? पहिल्या दोन प्रश्नांनी साधनं वाढतात. तिसऱ्याने एखादं साधन हातचं जातं. माझं गेलं, आणि प्रबंधातलं ते प्रकरण मला नव्याने लिहावं लागलं. सध्या तेच चालू आहे.